प्रोब खोटा की पाणी?

ओव्हनच्या प्रोबने आकडा बरोबर दाखवला तरी ब्रेड आतून कच्चा राहिला, की पहिला सल्ला ठरलेला असतो: प्रोब उकळत्या पाण्यात बुडवा, १०० दिसायला हवेत. हा सल्ला मुंबईला चालतो. सांगली साधारण ५५० मीटर उंचीवर, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. सातारा शहरात साडेसत्त्याण्णव, महाबळेश्वरात तर जेमतेम साडेपंचाण्णव. वर हवेचा दाब कमी ना! महाबळेश्वरात १०० दाखवणारा प्रोबच बिघडलेला समजावा.

त्यापेक्षा बर्फ बरा. ग्लासभर फोडलेला बर्फ, तो जेमतेम भिजेल इतकं पाणी. ढवळा आणि सुईचं टोक मधोमध धरा, काचेला टेकू देऊ नका. वायरचा जोड कोरडाच ठेवा. त्यात पाणी शिरलं की चांगला प्रोबही भलते आकडे दाखवतो. एक-दोन अंशांच्या फरकाने शून्य यायला हवं, साताऱ्यात काय अन् सांगलीत काय.

ओव्हनच्या भिंतीतला सेन्सर बुडवता येत नाही. प्लग काढून, ओव्हन गार झाल्यावर मल्टिमीटर लावावा. पीटी-१००० जातीचा सेन्सर २५ अंशांना सुमारे १,०९७ ओहम दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली आहे. दुरुस्तीच्या फंदात न पडता सेन्सर बदला.