एपिसोडचा लेखी अवतार: नहाणी ट्रॅपमधले भाडेकरू

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. मधले 'अं' आणि 'म्हणजे बघा' थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच आहे.

सुरुवात एका फॉरवर्डने

जुलै २०२४. गुजरातमध्ये चांदीपुरा व्हायरसच्या बातम्या रोज येत होत्या. लहान मुलं दगावत होती, सगळेच घाबरलेले. त्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फोटो आला. बाथरूमच्या टाईलवर बसलेली, छोट्या बदामासारखी दिसणारी काळपट माशी. खाली लिहिलेलं, "हीच ती चांदीपुरा पसरवणारी माशी. दिसली की मारा!"

आईने फोटो बघितला आणि थेट आमच्या बाथरूमच्या भिंतीकडे बघितलं. तिथे आठ-दहा जणी आरामात बसलेल्या.

पहिल्या दिवशी स्प्रे मारला. सगळ्या मेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी परत सहा. तिसऱ्या दिवशी आईने जाळीत टॉयलेट साफ करायचं ॲसिड ओतलं आणि दहा मिनिटांनी वरून ब्लीचिंग पावडर टाकली. मी आतल्या खोलीत कॉलवर होतो. आईचा खोकला ऐकू आला आणि तो थांबेचना. धावत गेलो तर नाकाला झोंबणारा वास, तिच्या डोळ्यांतून पाणी. तिला बाल्कनीत आणलं, सगळ्या खिडक्या उघडल्या, डॉक्टरांना फोन केला. तासाभराने ती ठीक झाली.

ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो जीवही घेऊ शकतो. त्या दिवशी आमच्या घरात सगळ्यात धोकादायक गोष्ट माशी नव्हतीच. म्हणून म्हटलं, या माशीचा नीट अभ्यास करूया.

ही आहे तरी कोण?

इंग्रजीत हिला ड्रेन फ्लाय किंवा मॉथ फ्लाय म्हणतात. आपल्याकडे बरेच जण चिलट म्हणून मोकळे होतात, पण केळ्यांवर घोंगावणारी चिलटं वेगळी. ही दोन ते पाच मिलीमीटरची, अंगावर आणि पंखांवर दाट केस. बोटाने दाबली तर करड्या भुकटीचा डाग उरतो, ती भुकटी म्हणजे हे केस. दिसते पतंगासारखी, पण पतंगाला चार पंख असतात आणि हिला दोनच. म्हणजे खानदानाने माशी. उडण्यात कच्ची आहे, एका टाईलवरून दुसऱ्या टाईलवर उडी मारल्यासारखी जाते. दिवसा भिंतीवर बसून राहते आणि रात्री दिव्याकडे येते.

उष्ण भागातल्या बाथरूममध्ये नेहमी दिसणाऱ्या जातीचं नाव क्लॉग्मिया अल्बिपंक्टाटा. अल्बिपंक्टाटा म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांची. मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा, पंखांच्या कडेला बारीक पांढरे ठिपके दिसतील.

मग चांदीपुराचं काय?

फॉरवर्ड खोटा होता, पण अगदी हवेतूनही आलेला नव्हता. ड्रेन फ्लाय ज्या कुळातली आहे त्याचं नाव सायकोडिडी. याच कुळाची दुसरी शाखा म्हणजे सँडफ्लाय, आपली वाळूमाशी. चांदीपुरा व्हायरस मुख्यतः ती पसरवते. बिहार-झारखंडकडचा काळा आजारही तिच्यामुळेच. थोडक्यात, या दोघी चुलत बहिणी. आडनाव एक, धंदे वेगळे.

आणि चांदीपुरा हे नाव महाराष्ट्रातलंच आहे बरं का. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात हा विषाणू पहिल्यांदा सापडला. शोधला पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने.

दोघींमधला फरक लक्षात ठेवा. वाळूमाशी बसते तेव्हा पंख वर, इंग्रजी 'व्ही'सारखे उभे धरते. ड्रेन फ्लाय पंख छपरासारखे किंवा सपाट पसरून बसते, म्हणून तो बदामाचा आकार. वाळूमाशीची मादी रक्त पिते, ड्रेन फ्लाय चावतच नाही. वाळूमाशीची पिल्लं ओलसर मातीत, गोठ्याजवळ, भिंतींच्या भेगांत वाढतात. ड्रेन फ्लायची वाढतात आपल्या पाईपात.

पण म्हणून हिला मोकळं रान द्यायचं का? तर नाही. गटारात वाढते, त्यामुळे पायांना आणि केसांना तिथले जंतू चिकटून येऊ शकतात. स्वयंपाकघरात आणि हॉस्पिटलमध्ये ती नकोच. शिवाय मेलेल्या माश्यांची भुकटी सतत श्वासातून गेली तर काहींना ॲलर्जी किंवा दम्याचा त्रास होऊ शकतो.

पाईपातलं आयुष्य

पाईपाच्या आतल्या बाजूला हात लावलाय कधी? बुळबुळीत लागतं. साबण, केस, त्वचेचे कण, तेलकटपणा आणि त्यावर पोसलेले बॅक्टेरिया-बुरशी यांचा तो थर असतो. त्याला बायोफिल्म म्हणतात. मादी तिथे एका वेळी साधारण ३० ते १०० अंडी घालते. दोनेक दिवसांत अळ्या बाहेर येतात. त्या नऊ ते पंधरा दिवस हाच थर खात राहतात. मग एक-दोन दिवस कोष आणि नंतर माशी. प्रौढ माशी जगते फार तर दोन आठवडे. उबदार घरात हे सगळं चक्र दोन-तीन आठवड्यांत फिरतं.

आता स्प्रे का फसतो ते बघा. भिंतीवर दिसतात त्या फक्त तयार झालेल्या माश्या. पुढची बॅच पाईपात रांगेत उभी असते. आमच्या भाषेत सांगायचं तर तुम्ही प्रोसेस किल करताय, पण ती परत चालू करणारी स्क्रिप्ट तशीच सुरू आहे.

आणि ॲसिड-ब्लीच? ओतलेलं द्रव झर्रकन खाली निघून जातं, कडेचा थर बऱ्यापैकी तसाच राहतो. अळी त्या थरात रुतलेली असते. तिच्या शेपटाकडे श्वासाची एक छोटी नळी असते, तेवढी वर काढून ती श्वास घेते. नळीच्या टोकाला केस असतात, ते हवेचा बुडबुडा धरून ठेवतात. त्यामुळे थोडा वेळ वर पाणी आलं तरी ती टिकते. मोठ्या माशीच्या केसांवरूनही पाणी ओघळून जातं.

टेप टेस्ट

आधी घर शोधायचं. रात्री झोपताना प्रत्येक जाळी कोरडी पुसा आणि तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, चिकट बाजू खाली. पूर्ण झाकू नका, हवा जायला फट ठेवा. सकाळी बघा, कुठल्या पट्टीला माश्या चिकटल्यात. तीन-चार रात्री करा, कारण रोज माश्या बाहेर पडतीलच असं नाही.

आम्ही पाच जाळ्यांवर पट्ट्या लावल्या. ज्या बाथरूमवर आईचा राग होता तिथे शून्य! सात माश्या सापडल्या ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनखालच्या जाळीवर. ते मशीन आम्ही दोन वर्षांत हलवलंच नव्हतं. माश्या तिथे जन्मत होत्या आणि ओलावा बघून बाथरूममध्ये येऊन बसत होत्या.

साफसफाई

जाळीखाली जी वाटीसारखी रचना असते तिला प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात. हो, आपल्या न्हाणीवरूनच आलेलं नाव. त्यात साचलेलं पाणी गटाराचा वास आणि किडे अडवतं. मी मशीन ओढलं, हातमोजे घातले, आईने टॉर्च धरला. जाळीच्या खालच्या बाजूला करड्या जेलीचा थर आणि त्यात वळवळणाऱ्या बारीक अळ्या. आई म्हणाली, "अरे देवा, यांना मी ॲसिड कुठे पाजत होते!"

बाटली धुवायच्या लांब ब्रशने ट्रॅप आणि पाईपाच्या कडा घासल्या, जाळी दोन्ही बाजूंनी घासली, मग भांड्यांचा साबण आणि गरम पाणी. उकळतं नको, पीव्हीसी पाईप मऊ पडतो. आठवड्यातून दोनदा, असे तीन आठवडे केलं. तीन का? कारण एक पूर्ण चक्र संपायला हवं. आधीच उडत असलेल्या माश्या काही दिवस दिसणारच, तेवढ्याने हात टेकू नका.

अजून दोन गोष्टी. पाहुण्यांच्या बाथरूमसारखी न वापरली जाणारी जाळी असेल तर आठवड्याला तांब्याभर पाणी ओता, नाहीतर ट्रॅप सुकतो आणि वाट मोकळी होते. आणि सगळं घासूनही माश्या हटत नसतील तर टाईलखाली पाईप गळत असू शकतो. तिथे प्लंबरच हवा.

जाता जाता

सांडपाणी शुद्ध करायची एक जुनी पद्धत आहे, ट्रिकलिंग फिल्टर. दगडांच्या थरावर सांडपाणी शिंपडतात आणि दगडांवरची बायोफिल्म घाण खाते. ती फिल्म फार जाड झाली तर फिल्टर तुंबतो. तिथे याच कुळातल्या माश्यांच्या अळ्या ती चरून पातळ ठेवतात. तिथल्या कामगारांना माश्यांचा वैताग असतो, पण अळ्यांचं काम उपयोगी आहे. आपल्या पाईपातही त्या तेच करत होत्या, आपण साठवलेली घाण खात होत्या.

चौथ्या आठवड्यात पट्टी कोरी निघाली. आईने तिचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "ही माशी चांदीपुराची नाही. मशीन हलवा आणि जाळी घासा. ॲसिड आणि ब्लीच एकत्र करू नका, मी करून बघितलंय."

हा मेसेज मात्र बिनधास्त फॉरवर्ड करा. तुमच्या घरी टेप टेस्ट केलीत तर कुठली जाळी दोषी निघाली ते नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!