कानाचा शून्यदोष

व्हर्नियर कॅलिपर हाती घेतल्यावर आपण प्रथम काय करतो? जबडे मिटवून शून्याशी शून्य जुळते का, ते पाहतो. जुळत नसेल, तर प्रत्येक मापात तेवढी दुरुस्ती करावी लागते. परंतु निरीक्षक स्वतःच उपकरण असेल तर? अनोळखी समाजाच्या अभ्यासाला निघालेल्या प्रत्येक नव्या मानवशास्त्रज्ञापुढे हा प्रश्न उभा राहतो.

फ्रान्झ बोआस (१८५८–१९४२) हा मुळात भौतिकीचा विद्यार्थी. पाण्याच्या रंगावरील प्रबंधासाठी जर्मनीतील कील विद्यापीठाने त्याला १८८१ साली डॉक्टरेट दिली. १८८३ साली तो कॅनडाच्या उत्तरेकडील बॅफिन बेटावर गेला आणि सुमारे वर्षभर इनुइट लोकांत राहिला. त्यांच्याबरोबर कुत्र्यांच्या घसरगाडीतून हिंडून त्याने किनाऱ्याचे नकाशे तयार केले, त्यांच्या कथा व शब्द टिपून घेतले. भाषा परकी, कानावर पडेल तसा शब्द वहीत उतरवायचा, एवढेच हाती होते.

पुढे त्या नोंदी तपासताना त्याला आढळले, की एकच शब्द आपण निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या अक्षरांनी लिहिला आहे! असा अनुभव इतर अभ्यासकांनाही आला होता. त्यावरून काहींनी निष्कर्ष काढला होता, की या ‘मागासलेल्या’ लोकांचे उच्चारच अस्थिर आहेत, त्यांची भाषा अजून कच्ची आहे.

१८८९ सालच्या एका लेखात बोआसने हे मत खोडून काढले. दोष बोलणाऱ्याच्या जिभेत नसून ऐकणाऱ्याच्या कानात आहे, असे त्याने दाखविले. अपरिचित ध्वनी कानी पडला की आपण त्याला स्वभाषेतील जवळच्या ध्वनीच्या कप्प्यात टाकतो. तो दोन कप्प्यांच्या मध्ये पडत असेल, तर आज एकात जातो, उद्या दुसऱ्यात. ध्वनी मात्र तोच असतो. म्हणूनच शब्दांच्या यादीवरून ती करणारा कोणत्या देशाचा, हेही ओळखता येते, असे बोआस म्हणतो.

आपल्याकडेही याचा पुरावा आहे. इंग्रजांनी खडकीचे ‘किरकी’ केले, धारवाडचे ‘धारवार’. आपला ‘ड’ त्यांच्या कानाला ‘र’ वाटला. म्हणून खडकीच्या लोकांचा उच्चार कच्चा ठरतो काय?

आणि आपला कान तरी कुठे निर्दोष आहे? ‘तमिळ’ या नावातील शेवटचा ध्वनी आपण ‘ळ’ लिहितो, हिंदी भाषक ‘ल’ लिहितात. तमिळ भाषकाच्या तोंडून तो नीट ऐका. तो ना ‘ळ’ आहे, ना ‘ल’.

वर्गात वेगळी मातृभाषा असलेला एखादा सोबती असेल, तर त्याला घरच्या भाषेतील दहा शब्द म्हणायला सांगा. प्रत्येकाने ते एकमेकांचे न पाहता लिहावेत. मग वह्या ताडून पाहा. जे फरक दिसतील, ते त्याच्या उच्चारातले नव्हेत. तो तुमच्या कानांचा शून्यदोष आहे.