इरिडियम-१९२ मधला १९२ कसला?

जाड ओतकामात किंवा वेल्डिंगच्या जोडात चीर दडली आहे का, हे भोसरी-चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यांत गॅमा किरणांनी फोटो काढून तपासता येतं. त्यासाठीचा एक नेहमीचा स्रोत म्हणजे इरिडियम-१९२. हा १९२ म्हणजे अणुवस्तुमानांक: प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन. अणुअंक ७७, नुसते प्रोटॉन. वजा करा, न्यूट्रॉन ११५. तो ७७ वेगळा लिहायची गरजच नसते. ७७ प्रोटॉनवाला अणू इरिडियमच, नावातच ते आलं. खरी गंमत पुढे आहे. सुमारे ७४ दिवसांत निम्मे अणू पालटतात. त्यांतल्या बहुतेकांत एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो. बेरीज १९२च राहते, पण अणुअंक होतो ७८. म्हणजे प्लॅटिनम, दागिन्यांतलं तेच!