गिटारचा आवाज 'फाटतो' तेव्हा

एरवी आवाज फाटला की काहीतरी बिघडलं, असं आपण धरून चालतो. मांडवातला कर्णा फाटका वाजायला लागला की आपण स्पीकरवाल्याला हाक मारतो. रेडिओ घोगरा झाला की सेल बदलतो. इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत मात्र उलटा न्याय आहे. तिथे हा फाटलेला आवाज मुद्दाम मिळवला जातो, आणि तो नेमका कसा फाटावा यासाठी कॉलेजातली मुलं महिनोन्महिने शिकवण्यांचे पैसे साठवून पायाखाली ठेवायची एक छोटी पत्र्याची डबी विकत घेतात. तिला पेडल म्हणतात.

मी अनेक वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं आणि संध्याकाळच्या वेळी अॅम्प्लिफायर दुरुस्त केले. त्यामुळे ही मुलं माझ्याकडे येतात. प्रश्न ठरलेला असतो : "काका, बूस्ट घेऊ की ओव्हरड्राइव्ह?" मी दोन प्रश्न उलट विचारतो. तुझा अॅम्प कोणता, आणि तुझी तक्रार काय? पहिल्याचं उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्यापाशी बहुतेक जण अडखळतात, कारण पेडलचं नाव त्यांनी आधीच ठरवलेलं असतं आणि तक्रार नंतर शोधायची असते. पण खरा निर्णय या दोन उत्तरांवरच होतो. तो का, ते जरा सविस्तर पाहू.

गिटारच्या तारांखाली चुंबक आणि त्याभोवती काही हजार वेढ्यांचं बारीक तारेचं वेटोळं असतं. हाच पिकअप. पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज निर्माण होते. अगदी थोडी, साधारण व्होल्टच्या काही दशांशांइतकी. ती अॅम्पमध्ये जाते, तिथे मोठी होते आणि स्पीकर हलवते. बूस्ट पेडल मध्ये बसून एवढंच करतं, की ही लहान लाट अॅम्पपर्यंत पोचण्याआधी मोठी करतं. वीस डेसिबलचा बूस्ट म्हणजे व्होल्टेज दहापट. आकार तोच, उंची जास्त.

ओव्हरड्राइव्हचं काम वेगळं. तेही लाट मोठी करतं, पण मग तिला एका ठरावीक उंचीवर अडवतं. आत दोन छोटे डायोड असतात. लाटेचा माथा त्या उंचीला पोचला की ते त्याला वर जाऊ देत नाहीत, आणि गोल डोंगर पठारासारखा सपाट होतो. माथा सपाट झाला की मूळ स्वरात नसलेले, किंवा अगदी क्षीण असलेले, वरचे स्वर त्यात दिसू लागतात. तंबोऱ्याची जवारी लावताना आपण घोडीवर दोरा सरकवतो आणि एकाएकी तार बोलू लागते, स्वरात स्वर ऐकू येतात, तो अनुभव आठवा. रीत वेगळी, पण कानाला मिळणारी गंमत त्याच जातीची : एका स्वराभोवती त्याच्याच उपस्वरांचं मोहोळ.

इथेच एक अडचण उभी राहते. एका वेळी दोन स्वर वाजवले तर फाटलेल्या आवाजात त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकीही ऐकू येते. सा २०० आणि प ३०० धरा. वजाबाकी १००, म्हणजे बरोबर खालचा सा. छान जुळतं, आणि म्हणूनच रॉकवाले सा-प एवढाच सांगाडा इतक्या जोमाने वाजवतात. आता शुद्ध गंधार घाला. निसर्गाचा गंधार २५०, पण गिटारच्या पडद्यांवर तो हार्मोनियमप्रमाणे किंचित चढा, २५२ च्या आसपास मिळतो. वजाबाकी ५० ऐवजी ५२, आणि तो स्वर कुणाचाच नातेवाईक लागत नाही. परिणाम, गढूळ पाणी. ज्याला भरगच्च कॉर्ड वाजवायचे आहेत त्याने ओव्हरड्राइव्हचं गेनचं बटण कमीच ठेवावं असं मी सांगतो, ते यासाठी.

ही आवड आली कुठून? आली ती बिघाडातूनच. अमेरिकेत मार्टी रॉबिन्सच्या १९६१ मध्ये आलेल्या एका गाण्याच्या ध्वनिमुद्रणात मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि बास गिटार गुरगुरल्यासारखी वाजली. लोकांना ते आवडलं. १९६२ मध्ये असा आवाज काढणारी 'मॅस्ट्रो फझ-टोन' ही डबी बाजारात आली, आणि १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मुळे ती जगभर पोचली. १९६४ मध्ये इंग्लंडात किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने तर आपल्या अॅम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला होता.

पण सगळ्यांना एवढं उग्र नको होतं. त्या काळचे अॅम्प व्हॉल्व्हचे होते, आपल्याकडच्या जुन्या रेडिओसारखे. व्हॉल्व्हचा अॅम्प पूर्ण आवाजावर नेला की तो एकदम तुटत नाही, हळूहळू कुरकुरायला लागतो, आणि तार जोरात छेडली तर जास्त, हलकी छेडली तर कमी. वाजवणाऱ्याच्या बोटांना तो उत्तर देतो. या अॅम्पला आणखी थोडं ढकलावं म्हणून १९६० च्या दशकाच्या मध्याला इंग्लंडात 'डॅलस रेंजमास्टर' ही डबी आली. आत एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर. ती वरच्या पट्टीचे स्वर मोठे करून अॅम्पच्या तोंडात कोंबायची. आयर्लंडचा रोरी गॅलाघर ती व्हॉक्स एसी-३० या अॅम्पपुढे लावायचा. क्वीनच्या ब्रायन मेचाही सगळा आवाज असाच, ट्रेबल बूस्टर आणि एसी-३० यांच्या जोडीवर उभा आहे. जर्मेनियमला मात्र उष्णता मानवत नाही. तापमान वाढलं की त्यातून गळणारी वीज भराभर वाढते आणि आवाज बदलतो. लंडनमध्ये गोड वाजणारी डबी नागपूरच्या मे महिन्यात तशीच वाजेल, याची खात्री मी देणार नाही.

पुढे न्यूयॉर्कमध्ये इलेक्ट्रो-हार्मोनिक्स या कंपनीचा माइक मॅथ्यूज एका अभियंत्याकडे दुसरंच यंत्र पाहायला गेला होता. त्या यंत्राला पुरेसा जोर मिळावा म्हणून पुढे एक छोटी डबी जोडलेली त्याला दिसली. त्याने ती डबीच विकायला काढली. ती एल.पी.बी.-१. आत सिलिकॉनचा एक ट्रान्झिस्टर, बाहेर एक बटण. १९६० च्या दशकाच्या अखेरची ही गोष्ट. आजही बूस्ट पेडल याहून फारसं गुंतागुंतीचं नसतं.

आता यातली मेख लक्षात घ्या. ही सगळी मंडळी बूस्ट लावत होती ती व्हॉल्व्हच्या, आधीच पूर्ण आवाजावर तापलेल्या अॅम्पपुढे. आवाज फाटायचा तो अॅम्पमध्ये. तुमच्या खोलीत दहा वॅटचा ट्रान्झिस्टरचा सरावाचा अॅम्प असेल, तर तोच बूस्ट वेगळंच काहीतरी करेल. ट्रान्झिस्टरचा अॅम्प मर्यादेला पोचला की लाट कात्रीने कापल्यासारखी कापतो. आवाज गोड नव्हे, बोचरा होतो. अशा अॅम्पच्या मालकाला मी सरळ ओव्हरड्राइव्ह घ्यायला सांगतो. अॅम्प स्वच्छ ठेवायचा, फाटण्याचं काम डबीतल्या डायोडना द्यायचं, म्हणजे कमी आवाजातही तो रंग मिळतो. शेजाऱ्यांचाच प्रश्न नाही. कानांचाही आहे. ८५ डेसिबल आवाजात आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी, असा सुरक्षिततेचा एक मान्य हिशेब आहे. त्या हिशेबाने १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात, आणि बंद खोलीत ड्रमसेटसह सराव करणारा बँड तिथे सहज पोचतो. कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

तक्रारींमध्ये सगळ्यात जास्त ऐकू येणारी म्हणजे, "बँडमध्ये माझा सोलो ऐकूच येत नाही." उपाय म्हणून बूस्ट मागितला जातो. पण कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. दहा वॅटचा अॅम्प आधीच दमला असेल तर शंभर वॅट आणणार कुठून? आणि व्हॉल्व्हचा अॅम्प आधीच फाटत असेल तर पुढे लावलेला बूस्ट आवाज वाढवत नाही, फक्त जास्त फाडतो. अशा वेळी बूस्ट ओव्हरड्राइव्हच्या नंतर लावावा, किंवा अॅम्पमध्ये सोय असेल तर मागच्या इफेक्ट्स लूपमध्ये. आधी लावला तर रंग गडद होतो, नंतर लावला तर आवाज मोठा होतो. तीच डबी, फक्त जागा बदलली. हे एकदा करून पाहिलं की पुस्तकातलं पान वाचायची गरज उरत नाही.

दुसरं असं की ऐकू न येणं हा पुष्कळदा मोठेपणाचा प्रश्न नसतोच. बास गिटार आणि ड्रमने खालची पट्टी व्यापलेली, झांजांनी वरची. मधली जागा ज्याची, त्याचं ऐकू येतं. जपानच्या आयबानेझ कंपनीचं 'ट्यूब स्क्रीमर' हे हिरवं ओव्हरड्राइव्ह १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलं आणि अजूनही टिकून आहे, त्याचं मर्म इथे आहे. त्याची रचना सुसुमु तामुरा या अभियंत्याची. साधारण ७२० हर्ट्झच्या खालचे स्वर त्यात कमी फाटतात आणि मधली पट्टी उठून येते. एकट्याने घरी वाजवलं तर हा आवाज नाकात बोलल्यासारखा वाटतो, आणि पुष्कळ मुलं त्याला तिथेच नापास करतात. बँडमध्ये तोच आवाज गर्दीतून वाट काढतो. स्टीव्ही रे व्हॉन हा टेक्ससचा ब्लूज वादक ते वापरत असे. गेन कमी, व्हॉल्यूम जास्त अशी मांडणी केली की हे ओव्हरड्राइव्ह रंगीत बूस्टचं काम करतं. मला विचाराल तर एकच डबी परवडत असलेल्याने हीच जात घ्यावी. अपवाद एक : गिटारवादकच गात असेल, किंवा गायिकेचा आवाज याच मधल्या पट्टीत असेल, तर गिटार आणि गळा यांचं भांडण लागतं. तिथे स्वच्छ बूस्ट बरा.

दुकानात जाताना आपली गिटार न्या, शक्य तर अॅम्पही. अनोळखी, महागड्या अॅम्पवर कुठलीही डबी चांगली वाजते. आधी डबी बंद-चालू करून दोन्ही आवाज सारख्या मोठेपणाचे करून घ्या, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि विक्रेत्याला हे ठाऊक असतं. मग गिटारवरचं व्हॉल्यूमचं बटण निम्म्यावर आणा. आवाज स्वच्छ होत गेला तर डबी तुमच्या हाताचं ऐकते. तसाच चिकट राहिला तर पुढचं पेडल दाखवायला सांगा.

किमतीबद्दल बोललंच पाहिजे. 'क्लॉन सेंटॉर' नावाचं एक अमेरिकन ओव्हरड्राइव्ह १९९४ पासून काही वर्षं बिल फिनेगन या गृहस्थाने हाताने बनवलं. आतलं सर्किट दिसू नये म्हणून त्याने त्यावर राळेसारखं इपॉक्सी ओतलं होतं. आज त्या जुन्या डब्या काही लाख रुपयांना जातात. डबी उत्तम आहे. पण इपॉक्सी खरवडून लोकांनी नकाशा केव्हाच काढला, आणि त्याच सर्किटच्या स्वस्त आवृत्त्या बाजारात भरपूर आहेत. खुद्द फिनेगनने पुढे काढलेल्या पेडलवर छापून टाकलं, की या गाजावाजाला मी जबाबदार नाही. ट्यूब स्क्रीमरमधली चिपही साधी, काही रुपयांची आहे. चिपच्या जुनेपणासाठी पैसे मोजण्यापेक्षा गिटारच्या नव्या तारांना आणि चांगल्या केबलला मोजावेत. लांब, हलकी केबल वरचे स्वर खाऊन टाकते, आणि मग तेच स्वर परत मिळवायला आपण ट्रेबल बूस्टर शोधत बसतो.

राहता राहिली वीज. बहुतेक पेडल नऊ व्होल्टवर चालतात, आणि अॅडाप्टरच्या पिनेत मधलं टोक ऋण असतं. किबोर्डच्या अॅडाप्टरमध्ये ते अनेकदा धन असतं, तेव्हा जो हाताला लागेल तो खुपसू नका. स्वस्त अॅडाप्टरची घरघर, ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, साध्या इन्व्हर्टरची वीज, हे सगळं गिटारचा पिकअप आणि केबल ऐकतात आणि ओव्हरड्राइव्ह ते इमानाने मोठं करतं. शंका आली तर डबीत नऊ व्होल्टचा सेल घालून वाजवून पाहा. घरघर गेली तर दोष अॅडाप्टरचा. एवढं करून रात्री केबल पेडलमधून उपटून ठेवा. सेलचा स्विच त्या इनपुटच्या भोकातच असतो. डबी पायाने बंद केली तरी केबल आत असेतो सेल जळत राहतो.