तापल्यावर बंद पडणारी साखळी-करवत : दोष कसा ओळखावा

मे २०२१ च्या मध्यास तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. त्या वेळी सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण, देवगड व वेंगुर्ले या भागांत आंबा, काजू, नारळ यांची असंख्य झाडे उन्मळून पडली. रस्ते व बागा मोकळ्या करण्याच्या कामी पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, जिला गावोगाव ‘चेनसॉ’ म्हणतात, फार उपयोगी पडली. जुन्या आंब्याच्या झाडांचे पुनरुज्जीवन करतानाही हेच यंत्र वापरले जाते. त्यामुळे त्याची निगा हा आता बागायतदाराच्या नित्याच्या कामाचाच भाग झाला आहे.

या यंत्राविषयी एक तक्रार वारंवार ऐकू येते. सकाळी यंत्र सुरळीत सुरू होते व लाकूडही चांगले कापते. परंतु दहा-पंधरा मिनिटांनी ते तापले, की खटका सोडताच बंद पडते. अशा वेळी पुष्कळ जण मंदगतीचा स्क्रू पिळून इंजिनाचा वेग वाढवितात. हा उपाय नसून अपघातास आमंत्रण आहे. मंदगतीत साखळी पूर्णपणे थांबलीच पाहिजे. वेग वाढविल्यास खटका सोडूनही ती फिरत राहते आणि फांद्यांतून वाट काढणाऱ्या माणसाच्या पायावर येते. शिवाय मूळ दोष झाकला जाऊन पुढे सिलिंडर व दट्ट्या यांचा नाश होण्याचा संभव असतो.

असे का होते ?

मंदगतीत इंजिनास अत्यल्प पेट्रोल लागते व ते बारीक छिद्रांतून येते. म्हणून किंचितही कमीअधिक झाल्यास त्याचा परिणाम प्रथम मंदगतीतच दिसतो. थंड इंजिनास पेट्रोल अधिक लागते. तापल्यावर त्याची वाफ सहज होते व तेवढी गरज राहत नाही. थंड असतानाच यंत्राची जुळणी केलेली असल्यास तापल्यावर मिश्रण गरजेपेक्षा दाट होते. याउलट, एखाद्या रबरी भागास चीर असल्यास ती उष्णतेने उघडते, बाहेरची हवा आत शिरते व मिश्रण पातळ होते. दोन्ही प्रकारांत इंजिन बंदच पडते, पण त्यांचे उपाय परस्परविरुद्ध आहेत. म्हणून आधी दोष ओळखावा व मगच स्क्रूला हात लावावा.

तपासणीचा क्रम

सोप्या गोष्टींपासून आरंभ करावा. साखळीजवळ हात नेण्यापूर्वी इंजिन बंद करून प्लगची टोपी काढून ठेवावी.

१. इंधन : जुने मिश्रण काढून ताजे भरावे. तेलाचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. पन्नासास एक असे प्रमाण सांगितले असल्यास १ लिटर पेट्रोलात २० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल घालावे. २०२३ पासून आपल्या देशात २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल विक्रीस आले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि किनाऱ्यावरील दमट हवेत हा धोका अधिक असतो. करवतीचे पुष्कळ उत्पादक १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे सांगतात. म्हणून पुस्तिका पाहून इंधन निवडावे व मिश्रण थोड्या दिवसांपुरतेच करावे.

२. हवेची गाळणी : भुशाने गाळणी बुजली, की हवा कमी मिळून मिश्रण दाट होते. गाळणी स्वच्छ करावी. धूर बाहेर पडण्याच्या मार्गातील जाळीवर काजळी साचली असल्यास तीही काढावी. टाकीतील इंधन-गाळणी मळलेली असल्यास बदलावी.

३. टाकीचा श्वासमार्ग : पेट्रोल कमी होते तसतशी टाकीत हवा शिरावी लागते. यासाठी असलेले छिद्र बुजल्यास टाकीत पोकळी निर्माण होते व पेट्रोल ओढले जात नाही. यंत्र बंद पडल्यावर ते काही मिनिटे निवू द्यावे. विस्तवापासून दूर नेऊन टाकीचे झाकण सावकाश सैल करावे. हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला व त्यानंतर यंत्र नीट चालले, तर दोष येथेच आहे. तापलेल्या टाकीचे झाकण एकदम उघडू नये, पेट्रोल उसळते.

४. ठिणगी : यंत्र बंद पडताच, ते गरम असतानाच, दुसरा चांगला प्लग टोपीत बसवून सिलिंडरच्या धातूस टेकवावा व दोरी ओढावी. इंजिनातील प्लग जागीच राहू द्यावा, म्हणजे पेट्रोलची वाफ बाहेर येणार नाही. ठिणगी मुळीच न पडता यंत्र निवल्यावर पुन्हा पडू लागल्यास कॉइल सदोष समजावी.

जुळणी

वरील सर्व ठीक असेल तरच कार्बोरेटरच्या जुळणीस हात घालावा. तत्पूर्वी यंत्र चार-पाच मिनिटे चालवून तापवावे. धूर अधिक, आवाज घोगरा आणि गती हळूहळू मंदावत बंद पडणे, हे दाट मिश्रणाचे लक्षण होय. गती वरखाली होणे व खटका दाबताच अडखळणे, हे पातळ मिश्रणाचे. मंदगतीच्या मिश्रणाचा स्क्रू उजवीकडे फिरविल्यास मिश्रण पातळ होते, डावीकडे फिरविल्यास दाट. एका वेळी अष्टमांश फेराच द्यावा. गती जेथे सर्वांत अधिक होते तेथून किंचित डावीकडे ठेवावे, म्हणजे खटका दाबताच इंजिन न अडखळता वेग घेईल. त्यानंतर मंदगतीचा स्क्रू साखळी थांबेल इतपत लावावा. जलदगतीच्या मिश्रणाचा स्क्रू मोजणीच्या साधनावाचून फिरवू नये.

मिस्त्रीकडे केव्हा न्यावे ?

खटका सोडल्यावरही वेग काही क्षण उतरत नसेल, किंवा यंत्र कुशीवर वळविताच गती बदलत असेल, तर हवेची गळती असण्याचा संभव आहे. कार्बोरेटरपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी चिरलेली अथवा दांड्याचे सील झिजलेले असू शकते. अशा यंत्राने काम ताबडतोब थांबवावे, कारण पातळ मिश्रणात तेलही कमी पडते व दट्ट्यावर ओरखडे उठतात. कार्बोरेटरमधील पातळ पडदा कडक झाल्यास कोणतीही जुळणी टिकत नाही. तो बदलावाच लागतो. गरम असताना दोरी नेहमीपेक्षा फार हलकी ओढली जात असेल, तर सिलिंडरमधील दाब उतरला आहे असे जाणावे.

पावसाळ्यापूर्वी

यंत्र काही महिने ठेवून द्यावयाचे झाल्यास टाकी रिकामी करून, उरलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे व यंत्र कोरड्या जागी ठेवावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही तपासणी बागायतदारांसमोर करून दाखवावी. झाडावर चढण्यापूर्वी यंत्र जमिनीवर तापवून, खटका सोडून ते चालू राहते व साखळी थांबते हे प्रत्येकाने पाहावे. जे यंत्र जमिनीवर या कसोटीस उतरत नाही, ते फांदीवर नेऊ नये. कारण तेथे एका हाताने दोरी ओढताना तोल जातो व जिवावर बेतते.