थंडीत बाळ घरी आणताना

जानेवारीतील पहाट. नागापूरच्या रस्त्यावर धुके होते. साडेपाच वाजता दवाखान्याचे दार वाजले. एमआयडीसीत नोकरी करणारे एक गृहस्थ व त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. पत्नीच्या हातात शालीचे गाठोडे. "डॉक्टर, पोरगी तापलीय. डोळेच उघडत नाही."

गाठोडे सोडू लागलो. शालीखाली ब्लँकेट, त्याखाली तीन स्वेटर, कानटोपी, हातमोजे, पायमोजे. आत सात महिन्यांची मुलगी घामाने चिंब झालेली. ताप १०१. छाती स्वच्छ, कान-घसा ठीक. शेवटचे दूध रात्री दहाला, तेही दोन घोट. "थंडीत बाधेल म्हणून पातळ केलं होतं," आई म्हणाली.

सुती झबले व एक स्वेटर एवढेच अंगावर ठेवले. नीट कालवलेले दूध वाटी-चमच्याने पाजले. तासाभरात ताप ९९ वर आला. मुलीने डोळे उघडले आणि समोरच्या मंगळसूत्राला हात घातला. दिवसभर नजरेखाली ठेवली; ताप पुन्हा चढला नाही. आईचे डोळे मात्र वाहत होते. "डॉक्टर, पोटात वाढवलं नाही म्हणून मला कळलं नाही का?"

दहा वर्षांच्या संसारानंतर या दांपत्याने दत्तकासाठी नाव नोंदवले होते. बाळ मिळाले ते झारखंडात. टाटानगरहून रेल्वेने मनमाड आणि तेथून जीपने नगर असा प्रवास करून ते आले होते. दत्तकाची नोंदणी आता 'कारा' या केंद्रीय यंत्रणेमार्फत होते, त्यामुळे बाळ कोणत्याही राज्यातून मिळू शकते. आपल्या नगरलाही स्नेहालय संस्थेचे 'स्नेहांकुर' हे दत्तक केंद्र आहे. पालक अनेक वर्षे वाट पाहतात आणि निरोप आला की होकारासाठी जेमतेम दोन दिवस मिळतात. ऋतू निवडायची सोय नसते. म्हणून थंडीतल्या प्रवासाची तयारी आधीच हवी.

कपडे किती घालावेत?

तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि अंगावर चरबी कमी, म्हणून त्याची ऊब लवकर जाते. पण तापल्यावर पांघरूण दूर सारणेही त्याला जमत नाही. आपण जेवढे कपडे घालतो त्याहून एक थर जास्त, हा सोपा हिशेब. आतला कपडा सुती असावा. हात-पाय गार लागले म्हणून घाबरू नये. मानेची मागची बाजू व पोट चाचपावे. तेथे घाम असेल तर एक थर काढावा, गार असेल तर वाढवावा. रेल्वेचा डबा किंवा जीप उबदार असेल तर टोपी काढावी. तोंडावर शाल कधीही ओढू नये.

अगदी लहान बाळाला उत्तम ऊब माणसाच्या अंगाची. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ च्या सुमारास काचपेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी अपुऱ्या दिवसांची बाळे आईच्या छातीशी बांधून ठेवली. त्यातूनच 'कांगारू पद्धत' जगभर गेली. दत्तक आई-वडिलांनाही ती जमते.

दूध

संस्थेत जी पावडर चालू असेल तीच न्यावी; वाटेत बदल नको. थर्मासमध्ये उकळलेले गरम पाणी आणि कोरड्या डब्यांत मोजलेली पावडर वेगवेगळी ठेवावी व ऐनवेळी कालवावी. पाजण्यापूर्वी मनगटावर थेंब टाकून कोमट असल्याची खात्री करावी. उरलेले दूध फेकून द्यावे. डब्यावरील प्रमाणापेक्षा पातळ करू नये. बाळ उपाशी राहते. वर्षाच्या आत मध चाटवू नये.

निघताना काय मागावे?

लसीकरणाचे कार्ड, वजनाच्या नोंदी, चालू औषधांची चिठ्ठी. वैद्यकीय अहवाल होकारापूर्वीच आपल्या डॉक्टरांना दाखवता येतो. याशिवाय बाळाला सांभाळणाऱ्या ताईंशी तासभर बोलावे. ते कसे झोपते, कोणत्या अंगावर, काय म्हटले की शांत होते, हे कोणत्याही अहवालात नसते. त्याचे वापरातले न धुतलेले दुपटे मागून आणावे. घर, माणसे, आवाज सगळे बदलताना तेवढा एक ओळखीचा वास सोबत असतो.

परदेशातील मराठी दांपत्येही येथून बाळ नेतात. परवानग्या, आदेश, पासपोर्ट होईपर्यंत तिकडे बर्फ पडू लागलेला असू शकतो. विमान चढताना व उतरताना बाळाला दूध पाजावे, म्हणजे कान दुखत नाहीत. मोटारीतल्या बाळ-खुर्चीत जाड कोट घालून बसवू नये, पट्टा सैल राहतो. आधी पट्टा बांधावा, मग वरून पांघरूण घालावे.

घरी आल्यावर

बंद खोलीत शेगडी किंवा धुरी नको. धूर व विषारी वायू बाळाला घातक. सर्दी-खोकला असणाऱ्यांनी दूर राहावे. बारसे दोन-तीन आठवडे लांबले तरी चालेल. तोवर दूध पाजणारे व झोपवणारे हात आई-वडिलांचेच असावेत.

वरचा अनुभव वाचून प्रत्येक तापाला कपड्यांचा ताप समजू नये. तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ ताप आला, किंवा कोणतेही बाळ दूध सोडू लागले, मलूल झाले, धापा टाकू लागले, तर लगेच डॉक्टर गाठावा.

त्या माउलीला मी सांगितले, "बाई, पहिलटकरणीही पोटच्या पोराला असंच गुंडाळून आणतात. हे पोटातून येत नाही, कुणीतरी सांगावं लागतं." निघण्यापूर्वी ते दोघे अहवाल घेऊन माझ्याकडेच आले होते. तेव्हा मी एवढेच म्हणालो होतो, "थंडी फार आहे, नीट गुंडाळून आणा." त्यांनी डॉक्टरांचा शब्द पाळला होता. म्हणून हा लेख.