त्वचेखालची मुद्रा

तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी जाड सुईने दंडाच्या कातडीखाली सोडावी आणि बेशुद्ध रोग्याची ओळख तिने डॉक्टरांना पटवून द्यावी, अशा हेतूने पुढे आलेल्या ‘व्हेरिचिप’ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ च्या ऑक्टोबरात मंजुरी दिली; मेक्सिकोच्या महाअभियोक्त्यांनी तर त्याच वर्षी, गोपनीय दप्तराच्या प्रवेशासाठी, ती स्वतःच्या व काही सहकाऱ्यांच्या दंडात बसवून घेतली.

या कुपीत विजेरी नसते. वाचकयंत्र जवळ येताच त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे आतील तारेच्या सूक्ष्म वेटोळ्यात वीज प्रवर्तित होते आणि तेवढ्या बळावर चिप आपला सोळा अंकी क्रमांक रेडिओलहरींतून कळविते. विचारणारा कोण, याची शहानिशा मात्र ती करीत नाही. जोनाथन वेस्ट्यूज या अभियंत्याने २००६ साली आपण घडविलेल्या लहानशा यंत्राने हा क्रमांक टिपून जसाच्या तसा पुन्हा प्रक्षेपित केला, तेव्हा खऱ्या वाचकयंत्राला अस्सल व नक्कल यांतील भेद उमगला नाही.

वेस्ट्यूज आणि ती कुपी स्वतःच्या दंडात बाळगणारे डॉ. जॉन हलामका यांच्यासह चौघांनी त्याच वर्षी लिहिलेल्या शोधनिबंधाचा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. जिची नक्कल होऊच शकत नाही अशी कुपी तिजोरीची किल्ली ठरली, तर ती हस्तगत करण्यासाठी दुष्ट मनुष्य दंडावर सुरी चालविण्यासही कचरणार नाही. तेव्हा तिची नक्कल करता येणेच धारकाच्या हिताचे, आणि ओळख सांगण्यापलीकडचे कोणतेही काम तिच्याकडे न सोपविणे श्रेयस्कर.

एकच क्रमांक दोन दारांवर नोंदला गेला, की नाव ठाऊक नसतानाही एकाच व्यक्तीचा माग लागतो. आपल्या मोटारीच्या काचेवरील फास्टॅग याच कुळातला. परंतु मोटार घरी ठेवून पायी जाता येते, दंड घरी ठेवता येत नाही.

विस्कॉन्सिन राज्याने २००६ साली कायदा करून अशा रोपणाची सक्ती करण्यास मनाई केली, हे योग्यच झाले. तथापि सक्ती नेहमी हुकुमाच्या रूपानेच येते असे नाही. नोकरीच्या अटींतून आणि सोयीच्या आमिषातूनही ती येते. म्हणून जो कुपी नाकारील त्याचे वेतन, उपचार वा प्रवेश यांपैकी काहीही अडता कामा नये, अशी स्पष्ट तरतूद प्रत्येक कायद्यात असलीच पाहिजे.